आमरीचें घर

ज्या वस्तूचें नांवहि आपणांस ठाऊक नसतें, ती नाहींशी झाली तरी तिच्याबद्दल कोणी शोक करीत नाहीं. आपल्या सावद्याच्या मुलास केळीचें पान दुरून पाहून तिला पाणी कमी पडलें आहे कीं रोग लागला आहे हें सांगतां येतें. त्यांत नवल नाहीं. केळीवर आपलीं घरें चालतात. परंतु गांवाच्या उत्तरेस रोज सकाळीं जो सातपुडा आपण पाहतों त्याच्या रानांत आमरी नांवाची एक वनस्पति आहे. ती कशी दिसते, कशावर जगते आणि तिच्या कित्येक बहिणी जगांतून नाहींशा होण्याच्या बेतांत कां आहेत, असें विचारलें तर चांगला शिकलेला मनुष्यहि गप्प बसतो. ह्या आमरीविषयीं चार शब्द येथें लिहावयाचे आहेत. तिच्या सौंदर्याची स्तुति करणें हा त्यांचा हेतु नव्हे. दुर्मिळ फूल वाचवावयाचें म्हणजे नक्की काय वाचवावयाचें, ह्या प्रश्नाचा विचार विद्यार्थ्यांनीं व त्यांच्या पालकांनीं मिळून करावा, एवढाच हेतु आहे.

इंग्रजींत जिला ऑर्किड म्हणतात तिलाच मराठींत आमरी म्हणतात. फुलझाडांच्या कुलांत हें कुल फार मोठें आहे. जगांत त्याच्या पंचवीस हजारांहून अधिक जाती आहेत. भारतीय वनस्पति सर्वेक्षण ह्या सरकारी संस्थेनें २०१९ सालीं जी यादी प्रसिद्ध केली तींत आपल्या देशांतील १,२५६ जातींची नोंद आहे. कांहीं आमरी जमिनींत कंद धरून राहतात, पावसाळ्यांत वर येऊन फुलतात आणि पाऊस सरला कीं पुन्हां मातींत दडतात. कांहीं मोठ्या झाडांच्या फांद्यांवर बसून वाढतात. एवढा मोठा परिवार असूनहि त्यांतील कित्येक जाती आज इतक्या थोड्या उरल्या आहेत कीं, एखाद्या डोंगराच्या एका अंगाला किंवा एखाद्या पठारावर शोधल्यास त्या मिळाल्या तर मिळतात.

अशा एका आमरीची कथा प्रथम ऐकावी. दक्षिणेंत केरळ व तमिळनाडु यांच्या सीमेवर अगस्त्य ऋषींच्या नांवाचा पर्वत आहे. तेथील डोंगरांत १८६५ सालीं कर्नल ड्रुरी ह्या गृहस्थास एक आमरी आढळली. तिचें फूल पिवळसर, पाकळ्यांवर गडद तपकिरी पट्टा, आणि पुढें चपलेच्या टोकासारखी एक पिशवी. ह्या वंशाच्या आपल्या देशांतील इतर जाती दूर ईशान्येच्या डोंगरांत होतात. साऱ्या दक्षिण भारतांत ही एकटीच. शोधकाच्या नांवावरून तिला पॅफिओपेडिलम ड्रुरी असें शास्त्रीय नांव मिळालें. पुढें कित्येक वर्षें ती कोणाच्या फारशी दृष्टीस पडली नाहीं. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत ती पुन्हां सांपडली, आणि हें सांपडणेंच तिच्या जिवावर आलें. ठिकाण कळतांच व्यापारी व हौशी लोक यांनीं झाडें मुळांसकट उपटून नेलीं. परदेशांतील बागांतून तिचें कौतुक वाढत गेलें आणि तिच्या डोंगरावर ती जवळजवळ संपली. आंतरराष्ट्रीय निसर्गसंरक्षण संघाच्या तांबड्या यादींत तिला ‘अतिसंकटग्रस्त’ ह्या वर्गांत घातलें आहे. ह्या वर्गाच्या पुढची पायरी म्हणजे रानांतून कायमचें नाहींसें होणें.

येथें लक्षांत ठेवण्याजोगी गोष्ट अशी कीं, ह्या आमरीचा नाश तिच्या शत्रूंनीं केला नाहीं. ज्यांना ती आवडली त्यांनींच केला. ज्यानें झाड उपटलें त्यास बहुधा असेंच वाटलें असेल कीं आपण एकच तर नेत आहों.

कायदा नव्हता काय? पुढें तोहि झाला. सर्व आमरींच्या परदेशी व्यापारावर १९७५ सालीं अंमलांत आलेल्या आंतरराष्ट्रीय कराराचें नियंत्रण आहे. आपल्या देशाच्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यांत १९९१ सालीं वनस्पतींविषयींचीं कलमें जोडलीं गेलीं, आणि रानांतून काढण्यास मनाई असलेल्या थोड्या वनस्पतींत ह्या चपलेच्या आकाराच्या आमरींना स्थान मिळालें. तथापि कायद्यानें चोराचा हात धरतां येतो. गेलेलें झाड उगवून आणतां येत नाहीं. आणि आमरी तर इतर वनस्पतींप्रमाणें सहज उगवणारी नव्हे. कां, तें पाहूं.

आमरीच्या एका बोंडांत हजारों, कित्येकदां लाखों बिया असतात. पण त्या धुळीच्या कणांएवढ्या बारीक. गव्हाच्या दाण्यांत कोंबासाठीं जशी शिदोरी बांधलेली असते तशी ह्या बियांत मुळींच नसते. वाऱ्यानें उडालेलें हें बीं योग्य जागीं पडलें आणि तेथें एका विशिष्ट बुरशीनें त्याला अन्न पुरविलें तरच तें रुजतें. नाहीं तर लाख बिया पडूनहि एक रोप होत नाहीं. ही गोष्ट नोएल बर्नार नांवाच्या एका तरुण फ्रेंच शास्त्रज्ञानें १८९९ सालीं प्रथम ओळखली. बुरशी म्हटली कीं आपण नाक मुरडतों. परंतु आमरीची दाई तीच आहे.

रोप झालें तरी त्यानें फळ धरण्यास कीटक लागतो. चपलेच्या आकाराच्या आमरींत कीटक त्या पिशवींत पडतो आणि बाहेर येण्याची जी अरुंद वाट आहे तींतून येतांना पराग अंगावर घेऊन निघतो. तो कीटक रानांतून गेला तर फूल उमलेल आणि व्यर्थ कोमेजेल. ह्याचें एक उदाहरण मुलांना आवडेल असें आहे. आइस्क्रीमला ज्या व्हॅनिलाचा वास असतो ती व्हॅनिला हीहि मेक्सिकोकडील एक आमरीच. युरोपियनांनीं ती दूरदूरच्या बेटांवर लाविली. वेल वाढला, फुलला, पण शेंग धरीना. कारण तिच्या मायदेशीं परागसिंचन करणारा कीटक तेथें नव्हता. शेवटीं १८४१ सालीं रीयुनियन बेटावर एडमंड आल्बियस नांवाच्या बारा वर्षांच्या गुलाम मुलानें बारीकशी काडी व अंगठा यांच्या साहाय्यानें तें काम हातानें करण्याची सोपी युक्ति शोधली, आणि जगाला व्हॅनिला मिळूं लागला. एका कीटकाची उणीव भरून काढण्यास माणसाला फुलागणिक हात लावावा लागला. आजहि लागवडींत तें काम हातांनींच करावें लागतें.

आतां ह्यावर आपल्या भागांतील कोणी म्हणेल, “हें सर्व जुनें झालें. आमच्या शेतांतील केळीचीं रोपें आज प्रयोगशाळेंतून येतात. तशीं आमरीचींहि करावीं म्हणजे झालें.” हा आक्षेप विचार करण्याजोगा आहे, आणि त्यांतील अर्धा भाग खराहि आहे. अमेरिकेंतील नड्सन यांनीं १९२२ सालीं साखर व क्षार घातलेल्या पोषक द्रव्यावर, बुरशीवांचून, आमरीचें बीं रुजवून दाखविलें. १९६० सालीं फ्रान्समधील मोरेल यांनीं कोंबाच्या टोंकापासून आमरीचीं अनेक रोपें करण्याची रीत प्रसिद्ध केली. ऊतिसंवर्धनानें रोपें करण्याचा पुढें जो मोठा उद्योग उभा राहिला त्याला ह्या कामानें मोठी चालना मिळाली. केरळांत पालोडे येथें जवाहरलाल नेहरू यांच्या नांवाची वनस्पति उद्यान व संशोधन संस्था आहे. तेथील शास्त्रज्ञांनीं वर सांगितलेल्या ड्रुरी आमरीचीं रोपें बियांपासून वाढवून तीं रानांत परत लावण्याचें काम केलें. हें काम मोठ्या मोलाचें आहे, आणि त्याबद्दल त्यांचे उपकार मानावे तेवढे थोडेच.

परंतु केळीचाच दाखला पुरा पाहूं. केळीचें रोप आलें कीं त्याला मशागत करणारा शेतकरी आहे, पाणी देणारी विहीर आहे, खत व औषध आहे. अगस्त्य पर्वताच्या खडकावर लाविलेल्या आमरीला पाणी कोण घालणार? तिला तेथला ओलावा, तेथली सांवली, तेथली बुरशी व तेथला कीटकच सांभाळणार. तीं नसतील तर रोपें लाखानें केलीं तरी तीं कुंडींतच राहतील. दुसरें असें कीं, एकाच कोंबापासून केलेलीं सर्व रोपें एकमेकांसारखीं असतात. अमेरिका खंडांतील मोठमोठ्या बागांतून ‘ग्रो मिशेल’ नांवाची केळ अशीच एकजात लाविली होती. मुळांतून शिरणाऱ्या पनामा रोगानें ती पछाडली आणि १९६० च्या सुमारास तिच्या जागीं कॅव्हेंडिश गटांतील केळ आणावी लागली. आपली ग्रँड नैनहि ह्याच गटांतील. ती दुसरी जात मिळाली ती कोठेंतरी शिल्लक होती म्हणूनच. रानांत जी विविधता असते ती म्हणजे संकटकाळासाठीं पुरून ठेविलेलें धन होय. प्रयोगशाळा त्या धनाचें रक्षण करूं शकते, त्याची जागा घेऊं शकत नाहीं.

म्हणून आमचें मत असें आहे कीं, दुर्मिळ फूल तें जेथें उगवतें तेथेंच वाचतें. फूल वाचवावयाचें म्हणजे त्याचें घर वाचवावयाचें. हें एकदां मान्य केलें कीं अगस्त्य पर्वत आणि सातपुडा यांच्यांत अंतर उरत नाहीं.

आपल्या महाराष्ट्राकडेच पाहा. मुंबईच्या सेंट झेवियर कॉलेजांत फादर हर्मेनेगिल्ड सांतापाव हे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते. जन्मानें ते स्पेनचे. पण खंडाळा व पुरंदर येथील झाडझाडोऱ्याची जी ओळख त्यांना होती ती तेथल्या फार थोड्या रहिवाशांना असेल. त्यांनीं व कपाडिया यांनीं १९५७ सालीं पंचगणीच्या नांवानें एक नवी आमरी जगापुढें मांडली. तिचें नांव हबेनेरिया पंचगणीएन्सिस. ती जमिनींत कंद धरणारी, पावसाळ्यांत थोडे दिवस दिसणारी, आणि आपल्या सह्याद्रीबाहेर कोठेंहि न होणारी आहे. पुढें १९६६ सालीं त्या दोघांचा मुंबई इलाख्यांतील आमरींवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. अशा जातीचें सारें जग म्हणजे चार दोन पठारें. त्या पठारावर एक बंगला, एक रस्ता किंवा एका हंगामांतील गर्दीचीं पावलें ही आपणांस क्षुल्लक गोष्ट वाटते. तिला तो प्रलय असतो. साताऱ्याजवळील कासचें पठार २०१२ सालीं जागतिक वारशांत गेलें, त्याची कीर्ति झाली, आणि लोकांचे लोंढे आंवरण्यासाठीं तेथें माणसांच्या संख्येवर मर्यादा घालावी लागली. आवडीलाहि कुंपण लागतें, हेंच त्यावरून दिसतें.

आतां आपल्या घराजवळ येऊं. सातपुड्यांत आपल्या रावेर व यावल तालुक्यांच्या उत्तरेस यावल अभयारण्य आहे. १९६९ सालीं त्याची स्थापना झाली. साग, अंजन, सालई, मोह, धावडा यांचें हें रान. अशा रानांत जुन्या झाडांच्या खोडांवर एक आमरी दिसते. शास्त्रज्ञ तिला वांडा टेसेलाटा म्हणतात. पानें जाड व पट्ट्यासारखीं, मुळें पांढरट व हवेंत लोंबणारीं, फूल पिवळसर-तपकिरी चौकटींचें आणि त्याला निळसर जांभळी जीभ. आणि हिला आपल्याकडे सर्रास काय म्हणतात? बांडगूळ!

हा तिच्यावर मोठा अन्याय आहे. खरें बांडगूळ आंब्याच्या फांदींत आपलीं मुळें खुपसतें आणि त्याचा रस पितें. तें काढलेंच पाहिजे, त्याबद्दल वाद नाहीं. आमरी मात्र झाडाच्या सालीला नुसती धरून राहते. तिच्या मुळांवर स्पंजासारखें आवरण असतें. पावसाचें व दंवाचें पाणी तें टिपून घेतें. सालींतल्या धुळींतून व कुजलेल्या पानांतून तिला क्षार मिळतात, आणि उन्हांत ती आपलें अन्न आपण करते. जागेपलीकडे ती झाडाचें कांहीं घेत नाहीं. चूक जुनी आहे. ‘वांडा’ हें शास्त्रीय नांवच विल्यम जोन्स यांनीं संस्कृतांतील ‘वन्दा’ ह्या शब्दावरून घेतलें, आणि त्या शब्दाखालीं परोपजीवी व परावलंबी अशा दोहोंचा समावेश होत असे. परंतु शब्दाची चूक कोयत्याच्या हातीं गेली म्हणजे ती प्राणघातक होते. आंबराई साफ करतांना बांडगुळाबरोबर आमरीहि खरवडून टाकली जाते. आणि आतां तर बांधावरचे जुने गांवठी आंबेच जात आहेत. कोठें रस्ता रुंद करण्यासाठीं, तर कोठें पिकावर सांवली पडते म्हणून. जुन्या झाडाच्या खडबडीत सालीवर जें बस्तान बसण्यास कित्येक वर्षें लागतात तें एका दुपारीं आडवें होतें.

ही वांडा आज अतिसंकटग्रस्त नाहीं, हें स्पष्ट सांगितलें पाहिजे. पण म्हणूनच तिचा विचार आज करावयाचा. रोगी शेवटच्या घटका मोजूं लागल्यावर वैद्याला हांक मारणारें घर शहाणें नव्हे.

कोणी असेंहि म्हणेल कीं, ज्यांच्या पोटाची भ्रांत आहे त्यांना फुलाचें कौतुक कोठून सुचणार? डोंगरांतील तडवी व पावरा बांधव मोळी विकतो किंवा कंद खणतो तो हौसेनें नव्हे. हें खरें आहे. आणि म्हणूनच दोष त्याच्या माथीं मारून आपण मोकळे होऊं नये. कंद खणणाऱ्याच्या हातावर थोडे पैसे पडतात. मागणी मात्र आपल्या बाजारांतून जाते. च्यवनप्राशांतील अष्टवर्गाच्या आठ औषधींपैकीं ऋद्धि, वृद्धि, जीवक व ऋषभक ह्या चार हिमालयांतील आमरी होत. त्या राजांनाहि दुर्लभ झाल्या आहेत, तेव्हां त्यांच्या जागीं वाराहीकंद, विदारीकंद अशा दुसऱ्या वनस्पति घ्याव्या, असें भावप्रकाश ह्या वैद्यकग्रंथांत सोळाव्या शतकांतच सांगून ठेविलें आहे. आपल्या वैद्यांना जें चारशें वर्षांपूर्वीं कळलें तें आपणांस आज कळूं नये काय?

शिवाय हा प्रश्न केवळ फुलाचा नाहीं. सातपुड्याच्या पायथ्याशीं दगडगोट्यांचा जो बझाडा पट्टा आहे त्यांत डोंगरावरचें पाणी मुरतें आणि त्यावर आपल्या विहिरी व केळीच्या बागा चालतात. यावल-रावेरकडील पाणी किती खोल गेलें आहे हें पालकांना येथें सांगावयास नको. वरचें रान उजाड झालें तर पाऊस मुरण्याऐवजीं माती घेऊन धांवेल. ज्या रानांत आमरी टिकते तें रान ओलावा धरून आहे असें समजावें. तिचें घर आणि आपल्या केळीचें पाणी हीं दोन नव्हेत.

मग आपण करावें काय? मोठमोठे ठराव करण्यापेक्षां चार लहान गोष्टी कराव्या. पहिली गोष्ट विद्यार्थ्यांसाठीं. निसर्गाभ्यासाच्या वहींत वाळविलेलीं पानेंफुलें चिकटविण्याची चाल पुष्कळ शाळांत आहे. धोत्रा, टाकळा, आघाडा यांच्यापुरती ती ठीक आहे. पण आमरी कोणीहि उपटून आणूं नये व शिक्षकांनीं तिला गुण देऊं नयेत. तिचें चित्र काढावें, दिवस लिहावा, झाडाचें नांव लिहावें. चित्र काढणाऱ्यास फूल जितकें बारकाईनें पाहावें लागतें तितकें तें चिकटविणाऱ्यास कधींच पाहावें लागत नाहीं. दुसरी गोष्ट, पाल किंवा अन्य ठिकाणीं सहलीस गेलें असतां दुर्मिळ वनस्पति दिसली तर तिच्या जागेचा गाजावाजा करूं नये. इंग्लंडांत चपलेच्या आकाराची एक आमरी नष्ट झाली असें मानलें जात होतें; १९३० सालीं यॉर्कशायरमध्यें तिचें एकच झाड सांपडलें. जाणत्यांनीं ती जागा गुप्त ठेविली, फुलाच्या दिवसांत पहारा केला, आणि पुढें त्याच रोपाच्या आधारें क्यू येथील उद्यानानें नवीं रोपें वाढविलीं. अगस्त्य पर्वतावर गाजावाजानें जें घालविलें तें तेथें मौनानें राखलें. तिसरी गोष्ट, घरीं आमरी लावण्याची हौस असेल तर रोपवाटिकेंत तयार केलेलें रोप घ्यावें. रानांतून काढलेलें, कितीहि स्वस्त मिळालें तरी, घेऊं नये.

चौथी गोष्ट पालकांसाठीं. आपल्या बांधावर आजोबा-पणजोबांच्या हातचा एखादा आंबा, मोह किंवा चिंच उभी असेल तर ती तोडण्यापूर्वीं एकदां मुलाला बरोबर घेऊन तिच्याखालीं उभें राहावें आणि वर पाहावें. फांदीवर पांढरीं मुळें लोंबत असतील तर तीं बांडगुळाचीं कीं आमरीचीं, हें मुलाला विचारावें. त्यानें बरोबर उत्तर दिलें तर ह्या लेखाचें काम झालें. आणि मग तें झाड ठेवावें कीं तोडावें, हें त्या दोघांनीं मिळून ठरवावें.